टॉनिकच्या बाटलीला पुरावा हवा

केळीच्या खोडाला घड एकदाच येतो. घड उतरला की ते खोड तोडायचे, मजूर लावून बांधावर ओढायचे आणि सडू द्यायचे किंवा वाळवून पेटवायचे. जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात हे काम खर्चाच्याच बाजूला पडते. शेजारच्या गुजरातेत नवसारी कृषी विद्यापीठाने मात्र याच खोडाचा विचार वेगळ्या पद्धतीने केला. खोडातून धागा काढताना निघणारा रस त्यांनी गोळा केला, त्यावर सेंद्रिय प्रक्रिया करून पिकांसाठी द्रवरूप पोषक बनवले आणि त्याचे पेटंटही घेतले. या रसात पालाश भरपूर असते, शिवाय झाडाची स्वतःची वाढसंप्रेरकेही थोड्या प्रमाणात असतात.

मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते. कच्चा माल शिवारातलाच, तोही टाकाऊ, आणि त्यामागे विद्यापीठाचे काम. आपल्या कृषी सेवा केंद्रांतल्या फळीवर यातले काय दिसते?

तिथे टॉनिक दिसते. ह्युमिक, अमिनो, समुद्री शेवाळाचा अर्क, असे सगळे त्या एका शब्दात बसते. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून या जैव उत्तेजकांना प्रथमच कायद्याच्या चौकटीत आणले. जुलै 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितले, की पूर्वी अशी सुमारे 30 हजार उत्पादने तपासणीविना विकली जात होती. कडक नियमांनंतर ती सुमारे 650 वर आली. बाकीच्या बाटल्यांवर शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पैसा घातला, आणि पुष्कळदा तोही राजीखुशीने नव्हे. युरिया किंवा डीएपी हवे असेल तर सोबत हे घ्याच, हे लिंकिंग खरिपाच्या तोंडावर गावोगाव चालते. त्याचा मला मनापासून संताप येतो.

‘नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही’ हा दुकानातला युक्तिवादही मला मान्य नाही. जपानमध्ये भाताची रोपे अवाजवी उंच वाढून कोलमडत. त्यामागे एका बुरशीचा स्राव आहे, हे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवले. पुढे त्यातूनच जिबरेलिन हाती लागले. आज नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार मण्यांच्या फुगवणीसाठी तेच जिबरेलिन, त्याच्या भाषेत जीए, मोजूनमापून वापरतो. एका पिकाचा घात करणारे आणि दुसऱ्याला फुगवण देणारे द्रव्य एकच. फरक मात्रेचा, पिकाचा आणि वेळेचा.

समुद्री शेवाळाचेही तसेच. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस हे लाल शेवाळ ताजेच पिळून रस काढायची आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजिनन मिळवायची पद्धत बसवली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती होते, अनेक मच्छीमार स्त्रियांचे घर त्यावर चालते. काम उत्तम आहे. पण बाहेरून आणलेले हेच शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचेही आढळले. म्हणून पर्यावरणपूरक म्हणताना माल कुठून आणि कसा आला, हेही धरायला हवे.

घरी केलेल्या जीवामृताबद्दल माझी तक्रार नाही. तिथे शेण-गोमूत्र स्वतःचे, कष्ट स्वतःचे, फरक पडला की नाही तेही शेतकरी स्वतः पाहतो. बाटलीत भरून किंमत लावली की मात्र प्रत्येक बाटली सारखी निघाली पाहिजे. केळीच्या मृगबागेच्या खोडाचा रस आणि वेगळ्या हंगामात लावलेल्या कांदेबागेच्या खोडाचा रस सारखाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. रस ताजा की आंबलेला, यानेही फरक पडतो. घटकांचे प्रमाण, टिकण्याची मुदत, फवारणीची आणि आळवणीची मात्रा हे सारे ठरवण्यातच खरा खर्च आहे, आणि तो एकट्या शेतकरी कंपनीला पेलणारा नाही.

तो राहुरीच्या कृषी विद्यापीठाने उचलावा. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, खोडेही तिथलीच आहेत. शेजारी शेजारी दोन वाफे घ्यावेत, एकात रस, दुसऱ्यात नुसते पाणी, खतांची मात्रा दोन्हीकडे तीच. घडाचे वजन, मुळांची वाढ आणि एकरी खर्च तिन्ही मोजावे, फरक दिसला नाही तर तेही छापावे. आणि हे आकडे पुढच्या मृगबागेची लागवड सुरू होण्याआधी मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.