तोंडात घालायची वस्तू बुटांच्या पिशवीत ठेवू नका

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सगळ्या खेळाडूंना, त्यांच्या आईवडिलांना, क्रीडाशिक्षकांना आणि प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या सरावाला निघण्याआधी किटमधला माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर बसवायचं कवच, बाहेर काढा, उजेडात धरा, त्याचा वास घ्या. कुबट वास येत असेल, हाताला बुळबुळीत लागत असेल किंवा दातांच्या खाचांत काळे ठिपके दिसत असतील, तर कृपा करून तो तोंडात घालू नका.

हे सांगायची वेळ आली, कारण आपल्याकडे खेळ वाढले. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे भारतीय महिला हॉकी संघात पोचल्या. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत गाजला. आज गावोगावची मुलंमुली हॉकी खेळतायत, कबड्डीच्या मॅटवर उतरतायत, बॉक्सिंग शिकतायत. बॉक्सिंगच्या स्पर्धेत तर माउथगार्डशिवाय लढूच देत नाहीत. पोराचे दात शाबूत राहावेत म्हणून पालक पदरमोड करून तो घेतात, हे उत्तमच. पण दुकानात तो गरम पाण्यात बुडवून दातांवर कसा बसवायचा एवढंच सांगतात. रोज धुवायचा कसा, हे सांगायचं राहून जातं.

मैदानावर काय होतं ते बघा. हॉकीत खेळ थांबला की खेळाडू माउथगार्ड काढते आणि मोज्यात खोचते. शिट्टी झाली की तोच परत दातांवर. पायाचा घाम आणि मैदानाची धूळ, दोन्ही तोंडात. सराव संपला की ओला माउथगार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी बुटांशेजारी, आणि किट दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. पावसाळ्यात साताऱ्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे बंद पिशवीतला माउथगार्ड कुठून वाळणार? आणि शालेय स्पर्धांची धामधूम नेमकी त्याच दिवसांत असते.

लाळेतले जंतू प्लास्टिकवर चिकट थर धरतात. ओल मिळाली की बुरशीही वाढते. चावून चावून माउथगार्डच्या कडा खरबरीत होतात, त्या हिरड्यांना घासतात, बारीक जखमा होतात आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. मग तोंड येतं, हिरड्या सुजतात, घसा धरतो. अशी तक्रार वारंवार होत असेल तर औषधाबरोबर माउथगार्डही तपासा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उसनवारीची. एकाचा माउथगार्ड घरी राहिला म्हणून दुसऱ्याचा पाण्याखाली धरायचा आणि तोंडात घालायचा, हे आजपासून बंद करा. हिरड्यांतून रक्त येत असतं, ते डोळ्यांना दिसतंच असं नाही. कावीळ बीचा विषाणू रक्तातून पसरतो आणि शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो. सख्ख्या भावाचाही माउथगार्ड नको. मुलांना कावीळ बीची लस पूर्ण दिली आहे ना, तेही या निमित्ताने बघून घ्या.

धुवायला दोन मिनिटं पुरतात. तोंडातून काढल्या काढल्या गार पाण्याच्या धारेखाली धरा. घरी आल्यावर वेगळा ठेवलेला मऊ ब्रश आणि साधा साबण घेऊन आतून-बाहेरून घासा, दातांच्या खाचा विसरू नका. टूथपेस्ट नको, तिने चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू दडतात. स्वच्छ खळबळून पूर्ण वाळू द्या आणि मगच भोकं असलेल्या डबीत ठेवा. डबीही धुवायची असते. आठवड्यातून एकदा मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कवळी धुण्याच्या गोळीच्या पाण्यात, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ बुडवा. पांढरा थर धरला असेल तर पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून धुवा.

आया फार मायेने एक चूक करतात, म्हणून हे वेगळं सांगतो. जंतू मरावेत म्हणून माउथगार्ड उकळू नका. तो गरम पाण्यात मऊ होऊनच दातांवर बसलेला असतो. परत उकळला की आकार जातो, आणि सैल माउथगार्ड ऐन धक्क्याच्या वेळी दात वाचवत नाही. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवला तरी हीच गत. फिनेल, ब्लीच, डेटॉल यांतलं काहीही लावू नका.

आपल्याकडच्या तालमीत बघा. हौद्याची माती चाळतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, रोज उकरतात. पैलवान खाशाबा जाधवांच्या मुलखातल्या माणसाला खेळातली स्वच्छता नव्याने शिकवायची गरज नाही. मातीची जेवढी निगा राखतो, तेवढीच तोंडातल्या वस्तूची राखू या.

क्रीडाशिक्षकांनी सराव संपवताना दोन मिनिटं नळापाशी द्यावीत आणि प्रत्येक डबीवर नाव लिहून घ्यावं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनो, चषकांच्या खर्चातून थोडे पैसे काढा आणि प्रत्येक खेळाडूला एक डबी द्या, मैदानाशेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ ठेवा. कराडला आणि सांगलीला दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या डॉक्टरांनी हंगामाआधी एकेका शाळेत येऊन मुलांचे दात आणि माउथगार्ड दोन्ही तपासावेत, ही त्यांना हात जोडून विनंती. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचे दात अजून बदलत असतात, गेल्या वर्षी नीट बसलेला माउथगार्ड यंदा बसेलच असं नाही. दातांना तारा असतील तर दंतवैद्याला विचारल्याशिवाय बाजारातला घेऊच नका.

आणि चिरलेला, कडा टोचणारा, सैल झालेला किंवा धुऊनही वास न जाणारा माउथगार्ड सरळ टाकून द्या. नवा येईपर्यंत मुलाला धावणं, स्टिकचा सराव, व्यायाम करू द्या, पण सामन्यात उतरवू नका.