डाग की रंग?

(द्वितीय वर्ष, कला)

केळीच्या चिकाचा डाग धुऊन जात नाही, हे नशिराबादच्या लहान पोरालाही ठाऊक असते. केळीत राबणाऱ्या बायामाणसांचे कपडे लांबूनच ओळखू येतात. माझ्या आईचे लुगडेही तसेच. त्या डागाची आम्हाला लाज वाटत आली. पण जो डाग साबणाला दाद देत नाही, तो पक्का रंगच नव्हे काय?

चिकात टॅनिन असते. ते सुताला धरून बसते. डाळिंबाच्या सालीतही तेच. कांद्याच्या टरफलात पिवळे रंगद्रव्य असते. टरफले उकळून तुरटी दिलेले कापड त्यात सोडले, तर सोनेरी छटा चढते. गंजल्या लोखंडाचे पाणी दिले, तर तीच हिरवट, काळसर होते.

ही विद्या खानदेशाला परकी नाही. फैजपूरचे छापील सुती कापड आणि तेथील लाल व गडद निळा रंग एकेकाळी नावाजलेले होते. पुढे 1856 साली पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला, 1897 पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली, आणि रंगाऱ्यांच्या भट्ट्या हळूहळू थंडावल्या.

आज 'नैसर्गिक रंग' हा शब्द पुन्हा मानाचा झाला आहे. परंतु नैसर्गिक म्हणजे आपोआप निर्मळ, हे मला मान्य नाही. हळदीचा रंग उन्हात उडतो. उकळायला सरपण लागते, धुवायला पाणी लागते. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. रंग बांधण्यासाठी मोरचूद वापरला, तर सांडपाणी विषारीच होणार.

याहून मोठा प्रश्न मजुरीचा आहे. टरफले आज उकिरड्यावर जातात. उद्या त्यांना भाव आला, तर तो कोणाच्या पदरात पडणार? शहरातल्या दुकानदाराच्या, की दिवसभर कांदा सोलून डोळे चुरचुरणाऱ्या बाईच्या?

म्हणून माझी सूचना अशी, की राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातल्या बायांना सोबत घेऊन आपण हा प्रयोग करावा. किती टरफलाला किती पाणी व किती सरपण लागले, दहा धुण्यांनंतर रंग किती उरला, याची वही ठेवावी. हिशेब तोट्याचा निघाला, तर तसे स्पष्ट लिहावे. रंग पक्का ठरला, तर कापडाची किंमत ठरविताना पहिली मजुरी सोलणाऱ्या हातांची धरावी.