मुंग्यांचा रकाना

गेल्या वैशाखात, मध्यान्हीच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या तापलेल्या डांबरावरून एक प्रौढ बाई पायातली चप्पल मागे निसटून पडली असताही तशीच जालन्याच्या गाडीकडे चालत गेली. आणि ‘आई, चप्पल!’ म्हणत मुलगी धावत आली, तेव्हा तिने स्वतःच्या पायाकडे तो परक्याचा असावा तसे पाहिले. हिवाळ्यात तिचे केमोचे डोस संपले होते.

2012 साली याच शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील कित्येकांचा मुंबईचा हेलपाटा वाचला, हे ऋण मोठेच आहे. औषधांचे ऋणही तसेच: पॅक्लिटॅक्सेलची रचना 1971 साली सहकाऱ्यांसह जगापुढे मांडणारे मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, आणि व्हिन्क्रिस्टिन तर अंगणातल्या सदाफुलीतून निघते! परंतु पेशींचे विभाजन रोखण्यासाठी ही औषधे ज्या सूक्ष्म नलिकांना हात घालतात, त्यांच्याच वाटेने मज्जातंतूंची रसद जात असल्यामुळे, ज्या तंतूची वाट सर्वांत लांब त्याची रसद प्रथम तुटते आणि बधिरता पायाच्या बोटांपासून वर चढू लागते. प्लॅटिनमवर्गीय औषधांचा त्रास तर ती थांबविल्यावरही काही महिने वाढत राहतो.

हे खात्रीने टाळील असे औषध अद्याप नाही. ड्युलॉक्सेटिनने काहींच्या वेदना शमतात, इतकेच. उरतो तो मार्ग वेळीच मात्रा कमी करण्याचा वा लांबविण्याचा. पण त्यासाठी रोग्याने बोलले पाहिजे, आणि डोस थांबेल या धास्तीने, जिवापुढे मुंग्यांची कसली तक्रार या संकोचाने, शिवाय बधिरपणा म्हटला की गावात भलत्याच रोगाची कुजबुज होते म्हणून, तो बोलत नाही. तेव्हा केसपेपरवर वजनाचा असतो तसा मुंग्यांचाही रकाना असावा, आणि तो भरल्याखेरीज पुढील डोसाचा हुकूम सुटू नये, अशी तजवीज आरोग्य खात्याने करावी. प्रश्नही बोलीतलेच असावेत: गुंडी लावता येते का, कापूस वेचताना बोंड टोचते का?

गाडी सुटेपर्यंत मी त्या बाईंना हेच विचारले. त्या हसून म्हणाल्या, ‘औंदा येचणीला बोंडं टोचलीच न्हाईत. बरंच झालं म्हनलं.’