घर मोठं झालं, महिन्याचं काय?



वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, तेही चाळीस मजली इमारतीत! त्यावर कौतुक झालं, तशी हळहळही झाली. चाळीतला शेजार गेला, लहान जागेत समाधानानं राहणं हाच खरा अपरिग्रह, असंही काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. आपल्याला किती पुरे, ही मर्यादा आपण स्वतः ठरवायची, असा त्याचा अर्थ. त्याग हातात असलेल्याचा होतो. जे कधी मिळालंच नाही, त्याचा त्याग कसला? १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळींत तीन-तीन पिढ्या एका खोलीत राहिल्या. मजल्यावरचं सामाईक शौचालय, बाळंतीण आणि आजारी म्हातारी एकाच खोलीत, सून आली की मुलगा गॅलरीत झोपायला. ही सक्ती होती, तिला व्रत म्हणू नये. शेजाऱ्याची आठवण गोड असते, पण पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या बाईला विचारा. पुनर्विकास व्हायलाच हवा.

माझी काळजी वेगळी आहे. जिथे तिथे चर्चा चौरस फुटांचीच होते. महिन्याच्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही.

चाळीत भाडं नाममात्र. टॉवरमध्ये लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा, जिन्यातले दिवे, वॉचमन, सफाई, मालमत्ता कर असं सगळं येतं. लिफ्टचा खर्च टाळता येत नाही, कारण तिसाव्या मजल्यावर गुडघेदुखीची आजी चढणार कशी?

खासगी पुनर्विकासात बिल्डर कॉर्पस फंड देतो, त्याच्या व्याजातून देखभाल भागेल असं सांगितलं जातं. साधा हिशेब करून पाहा. समजा घरामागे ३ लाख मिळाले आणि ७ टक्के व्याज आलं. वर्षाचे २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. देखभाल ५,००० असेल, तर ३,२५० खिशातून. शिवाय व्याज तेवढंच राहतं, खर्च मात्र वाढत जातो. वर्षाला ६ टक्क्यांनी वाढला, तर बारा वर्षांत दुप्पट, म्हणजे १०,०००. तोवर कमावता माणूस निवृत्त झालेला असतो.

बीडीडीच्या नव्या इमारतींची पहिली बारा वर्षं देखभाल केली जाईल, असं जाहीर झालं आहे. चांगलंच आहे. पण तेराव्या वर्षी काय, हा प्रश्न आजच विचारायला हवा. नाहीतर घर विकून बदलापूर-विरारला जावं लागेल आणि मुंबईत हक्काचं घर मिळाल्याचा आनंद एका पिढीपुरताच उरेल.

म्हणून मैत्रिणींनो, तुमची चाळ पुनर्विकासाला जात असेल, तर सभेत गप्प बसू नका. कॉर्पस किती, कोणाच्या नावावर, कुठल्या बँकेत, हे विचारा. महिन्याच्या खर्चाचा अंदाज लेखी मागा. सोसायटीच्या कमिटीत घरखर्च सांभाळणारी निदान एक बाई असू द्या. आणि ज्यांच्याकडे बारा वर्षांची सवलत आहे, त्यांनी दरमहा हजार-पाचशे वेगळे टाकायला आत्ताच सुरुवात करावी.

नव्या घरात गेल्यावर परिग्रह-परिमाण खरंच उपयोगी पडेल. जागा वाढली म्हणून हप्त्यावर सोफा, मोठा टीव्ही, दुसरा फ्रिज आणायची घाई नको. आधी देखभालीचे पैसे बाजूला, मग हौस. आता मर्यादा घालणं आपल्या हातात आहे. व्रताला अर्थ येतो तो इथे.