भिंतीपलीकडचा राउटर



गेल्या हिवाळ्यात स्टुटगार्टमधील आमच्या इमारतीतल्या एका विद्यार्थिनीने दार ठोठावले. नांदेडहून पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेली. चौघींसह एका सामायिक घरात राहणारी. "दादा, सोमवारी नोकरीची मुलाखत आहे आणि डेस्कटॉपचे वायफाय रोज संध्याकाळी तुटते. मोबाईलवर मात्र चालते. खालच्या आजोबांनी मुद्दाम काही केले असेल का? ते माझ्या नमस्कारालाही उत्तर देत नाहीत."

हा संशय मी हसण्यावारी नेला नाही. शेजाऱ्यांच्या नजरा वाचत वाढलेल्या माणसाला तो सहज येतो. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. तो तपासून पाहावा लागतो.

प्रथम संगणक तारेने राउटरला जोडला. वेग पूर्ण मिळाला; म्हणजे बाहेरून येणारी जोडणी निर्दोष होती. ही पायरी कधीही वगळू नये. करारापेक्षा वेग कमी मिळतो असे सिद्ध करण्यासाठीही नियामक संस्थेच्या मापन-प्रणालीत मोजणी तारेनेच करावी लागते.

मग वायफायकडे वळलो. संगणकाची पत्र्याची पेटी मेजाखाली, आणि अँटेना तिच्या मागे, लोखंडी रेडिएटरला जवळजवळ टेकलेल्या. अँटेनांशेजारीच यूएसबी ३.० ची बाह्य हार्ड डिस्क. अशा उपकरणांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पेटी पुढे ओढली, डिस्क दूर ठेवली. दिवसभर सारे सुरळीत चालले; संध्याकाळी जोडणी पुन्हा तुटली.

तेव्हा मोबाईलवरील ॲपने आसपासचे राउटर पाहिले. २.४ गिगाहर्ट्झमध्ये युरोपात १३ चॅनेल आहेत खरे, पण त्यांच्यातील अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि एका जोडणीला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झची. म्हणून १, ६ आणि ११ अशी थोडीच चॅनेल एकमेकांत न मिसळता वापरता येतात. आमच्याकडे बहुतेक जण ६ वर होते, तर आजोबांचा राउटर ४ वर, म्हणजे दोन्हींकडे सांडणारा. सर्वजण घरी परतले की गर्दी होई. ५ गिगाहर्ट्झवर जागा अधिक असते. पण दोन जाड भिंती ओलांडताना त्या लहरी क्षीण होत.

जर्मनीत हा पट्टा परवान्याविना सर्वांना खुला आहे. त्याचबरोबर दुसऱ्याच्या लहरींपासून संरक्षण मागण्याचा हक्क कुणालाच नाही. अशा सामायिक जागेत उपाय एकच : दार वाजवून बोलणे.

आम्ही दोघे खाली गेलो. आजोबांनी न हसता ऐकून घेतले, चष्मा लावला आणि राउटरचा पासवर्ड लिहिलेला कागद पुढे केला. त्यांचे चॅनेल १ वर नेले, तिचे ११ वर. राउटरने आपणहून चॅनेल बदलू नये म्हणून स्वयंनिवडही बंद केली. त्या संध्याकाळी जोडणी तुटली नाही.

तरीही मुलाखतीच्या दिवशी मी तिला २० मीटरची लॅन केबल दिली. महत्त्वाचे काम हवेच्या भरवशावर सोडू नये.

आजोबा नमस्काराला अजूनही उत्तर देत नाहीत. त्याचे कारण आम्हाला माहीत नाही. कदाचित तिचा अंदाज खराही असेल. परंतु वायफाय त्यांनी तोडले नव्हते, एवढे आता निश्चित आहे. दोन प्रश्न वेगळे ठेवता आले, म्हणून त्यातला एक तरी सुटला.