भाव फिरला म्हणजे काय झाले?

पाडव्याला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. तेव्हा ऐन दिवाळीत सट्ट्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये.

क्रिकेटच्या दिवसांत आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास कानी पडते: "भाव फिरला, म्हणजे आत काहीतरी शिजलंय!" बोलणारे गृहस्थ मुलांना त्रैराशिक शिकवतात. माझी विद्या मॅट्रिकपुरती; पण मी कादंबऱ्या लिहितो, म्हणजे खोटे रचणे हा माझाही धंदा. म्हणून हे खोटे मला चटकन ओळखू येते.

बुकी हा ज्योतिषी नव्हे, तागडीवाला आहे. आपल्याकडे हा धंदा चोरून चालतो. अमेरिकेत लास व्हेगासला तो उजळ माथ्याने चालतो, म्हणून तिथला हिशेब पाहा. फुटबॉलवर शंभर डॉलर जिंकायचे तर एकशे दहा लावायचे. दोन्ही बाजूंना सारखा पैसा बसला, की हरणाऱ्याचे ११० घ्यावेत, जिंकणाऱ्याला १०० द्यावेत, दहा खिशात टाकावेत. सामना कोणी का जिंकेना! एका बाजूला मोठी रक्कम पडली की तागडी कलते. दुसरीकडे गिऱ्हाईक यावे म्हणून तो भाव हलवतो. यात भविष्य कुठले?

जानेवारी १९७९. पिट्सबर्ग आणि डॅलस यांचा अंतिम सामना. पिट्सबर्ग साडेतीन गुणांहून अधिकाने जिंकेल की नाही, हा आरंभीचा भाव. पैसा पिट्सबर्गवर कोसळला. बुक्यांनी भाव साडेचारवर नेला, तेव्हा तो डॅलसकडे वळला. निकाल ३५–३१. फरक चार! साडेतीनला पिट्सबर्ग घेणारे जिंकले, साडेचारला डॅलस घेणारेही जिंकले, आणि बुक्यांना दोन्हीकडून भुर्दंड. भाव हलवणाऱ्यांनाच काही कळत असते, तर ही फजिती झाली असती काय?

"पण जाणत्यांच्या पैशानं भाव हलतो ना?" हलतो, ते मी नाकारीत नाही. बुकी ज्याच्या डोक्याला मानतो, त्याच्या लहान रकमेनेही हलतो. पण तो जाणता जुना भाव घेऊन केव्हाच घरी गेलेला असतो. आपल्या वाट्याला येतो तो महागलेला. शिवाय एका बाजूला थोडे टाकून भाव ढकलायचा आणि मग उलट बाजूला घसघशीत लावायचे, ही मुरलेल्यांची जुनीच चाल. तिला भुलायला आपण आहोतच!

आमचा शिपाई भुलला. गेल्या साली पगाराच्या तिसऱ्याच दिवशी तो पाचशे रुपये उसने मागायला आला.

"भाव फिरला होता हो, मास्तर!"

मी दिले. त्रैराशिकवाले मात्र त्या दिवशी चहा न घेताच तासाला गेले.