पॅकेजच्या पलीकडे
माहूरच्या पोरांना संगणक अभियंता व्हायचं तर दोन वाटा ठरलेल्या: जवळचं पुसद, नाहीतर लांबचं नांदेड. नांदेडात १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. घरच्यांचा प्रश्न मात्र एकच, पुण्यात पॅकेज किती? अहो, जावा-पायथॉनसारख्या भाषा येतील नि जातील. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम यांचा पाया पक्का असेल, तर टेस्टिंग, नेटवर्क, सायबर सुरक्षा, बँक, अध्यापन, कुठेही पाय रोवता येतो. नवरात्रात रेणुकामातेच्या गडावर लोटणाऱ्या गर्दीचा आणि किनवट-माहूरच्या कापसाचा हिशेब हेही प्रोग्रामरचंच काम आहे. नोकरीसाठी पुण्याच्या हिंजवडीला जरूर जा. पण नोकरीच्या मुलाखतीत दाखवायचा पहिला प्रोजेक्ट आपल्या तालुक्याच्या गरजेवरच करा.